निरामयचा फॉर्म भरण्याआधी दिव्यांग दाखल्याची मुदत बघा

निरामय म्हणजे दिव्यांगांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा. त्याच्या फॉर्मला आधार, रेशनकार्ड, फोटो, झेरॉक्स सगळे नेतातच, त्यावर लिहीत बसत नाही. फक्त पोराला पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर आधारला बोटांचे ठसे दिलेत का बघा, आणि आधार, दाखला, पासबुक तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच पाहिजे.

आता मेन गोष्ट. दिव्यांग दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) हातात घ्या आणि त्यावरची मुदत वाचा. अपंगत्वाचे टक्के सगळे वाचतात, ४० च्या वर आहे ना मग झालं, फाइलला लावून मोकळे. पण लहान मुलांचा दाखला बऱ्याचदा तात्पुरता असतो, कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते त्यावरच छापलेलं असतं. आमचं गेल्या वेळी इथेच अडलं, बाकी सगळी फाइल चोख आणि दाखलाच संपलेला, मग सिव्हिल हॉस्पिटलला मेडिकल बोर्डाची, म्हणजे तपासून दाखला देणाऱ्या डॉक्टरांची, तारीख मिळून नवीन हातात येईपर्यंत स्पीच थेरपीचा सगळा खर्च खिशातून. बोर्ड रोज बसत नाही हो! मुदत संपायच्या तीन-चार महिने आधीच रिन्यूअलला टाका.

आता निरामयमध्ये काय मिळतं ते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, आणि आजार आधीपासूनचा आहे म्हणून कोणी नाकारत नाही. थेरपीचा खर्चही यात बसतो, म्हणून तर एवढं सांगतेय. आधी आपण भरायचे, मग क्लेम. त्यामुळे बिल पक्कंच घ्या, त्यावर मुलाचं नाव, तारीख, सही-शिक्का, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कुठली थेरपी ते लिहून घ्या. थेरपिस्ट ताई कितीही ओळखीच्या असू देत, वहीच्या कागदावरची पावती नको. पॉलिसी ३१ मार्चला संपते, रिन्यू आपणच करायची, आणि तेव्हाही दाखला मुदतीत आहे ना ते बघूनच.

संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला ताजा लागतो. इन्कम टॅक्स जुन्या पद्धतीने भरत असाल तर दिव्यांग मुलासाठी ७५ हजारांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सवा लाख, तिथेही मुदत संपलेला दाखला चालत नाही.

एसटीची सवलत, रेल्वेचं कार्ड नंतर निवांत करा. मूल १८ चं झालं की कायदेशीर पालकत्वाचा अर्ज, कलेक्टरांच्या स्थानिक समितीकडे.

आणि मुदतीची तारीख आत्ताच मोबाईलमध्ये टाका, रिमाइंडर चार महिने आधीचा.