किरकोळ मारहाणीची तक्रार झाल्यावर पोलिसांकडून काहीच कळत नसेल तर काय करावे

पार्किंगवरून किंवा पाण्याच्या पाळीवरून बाचाबाची होते, प्रकरण हातघाईवर येते आणि समोरचा पोलीस ठाण्यात तक्रार देऊन आल्याचे कुणाकडून तरी कानावर येते. पुढे आठवडा उलटला तरी पोलिसांचा फोन नाही. महाराष्ट्रात अशा वेळी आधी एकच गोष्ट शोधावी: तक्रार अदखलपात्र म्हणून, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत अशी ‘एनसी’ म्हणून, नोंदली गेली की तिच्यावर एफआयआर झाला. पुढचे सारे त्यावर ठरते.

हातांनी झालेल्या मारहाणीत साधी दुखापत असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ११५(२) लागते. त्याला कमाल शिक्षा एक वर्ष कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही असून गुन्हा जामीनपात्र व अदखलपात्र आहे. शिवीगाळ आणि धमकीची ३५२ व ३५१(२) ही कलमे बहुधा जोडीला येतातच. अशा नोंदीचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करण्याचा अधिकारच पोलिसांना नाही, त्यामुळे तक्रारदाराला न्यायालयात दाद मागण्याची समज देऊन ते थांबतात. पोलिसांच्या मौनाचा अर्थ आत काहीतरी शिजते आहे असाच लावून झोप उडवून घेणारे अनेक जण असतात; प्रत्यक्षात पुष्कळदा काहीच चालू नसते.

तरीही पुरते निर्धास्त राहू नये. जखमीला ठाण्यातून ‘मेडिकल यादी’, म्हणजे तपासणीसाठीचे पत्र, देऊन सरकारी रुग्णालयात पाठवलेले असते, आणि त्या तपासणीत हाड मोडल्याचे निघाले तर तोच प्रकार गंभीर दुखापतीचा, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येईल असा दखलपात्र, होतो. लोखंडी सळईसारखे घातक साधन वापरल्याचा आरोप असल्यास कलम ११८(१) येते आणि ते अजामीनपात्र आहे. म्हणून शक्यतो वकिलांना सोबत घेऊन दिवसाच ठाण्यात जावे आणि ठाणे अंमलदारांकडून नोंदीचा क्रमांक, तारीख व कलमे विचारून लिहून घ्यावीत. एफआयआर झाला असेल, तर संवेदनशील प्रकरणे वगळता त्याची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येते. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी.

दखलपात्र पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल, तर पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम ३५(३) प्रमाणे हजर राहण्याची लेखी नोटीस द्यायची असते. ती स्वीकारून दिलेल्या तारखेला जावे आणि हजर राहिल्याची पोच मागावी. नोटीस पाळणाऱ्याला कारणे नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. केवळ व्हॉट्सॲपवर आलेली नोटीस ही रीतसर बजावणी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे, तरी तिच्याकडे काणाडोळा न करता वकिलांमार्फत उत्तर द्यावे. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करण्याची सक्ती नसते, आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने दिलेला आहे.

वाट पाहण्याच्या दिवसांत खरी घाई एकाच बाबतीत करावी: सोसायटीच्या किंवा दुकानाच्या कॅमेऱ्यांचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी विनंती सेक्रेटरींना किंवा दुकानदाराला लगेच देऊन पोच घ्यावी. आपल्यालाही लागले असेल तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवून प्रमाणपत्र घ्यावे. तक्रारदाराला स्वतः फोन करू नये, पाहुण्यांकरवी निरोपही धाडू नये. समजुतीचा निरोप धमकी म्हणून नोंदला जायला वेळ लागत नाही. कलम ११५(२) मध्ये जखमी व्यक्तीशी तडजोड कायद्याला मान्य आहे, पण ती वकिलांमार्फत आणि लेखीच व्हावी, ठाण्याच्या व्हरांड्यात रोख पैसे मोजून नव्हे.

पुढे कधीतरी बोलावणे येते ते बहुधा ‘चॅप्टर केस’चे, म्हणजे पुन्हा भांडण होऊ नये म्हणून केल्या जाणाऱ्या प्रतिबंधक कारवाईचे. शांतता राखण्यासाठी कार्यकारी दंडाधिकारी, आयुक्तालयाच्या शहरांत सहसा सहायक पोलीस आयुक्त, कमाल एक वर्षाचे बंधपत्र मागू शकतात. ही शिक्षा नव्हे, मात्र बंधपत्राच्या मुदतीत पुन्हा भांडण झाल्यास रक्कम जप्त होते. न्यायालयाने दखल घेण्याची मुदत केवळ ११५(२) असेल तर एक वर्ष, आणि ३५२ किंवा ३५१(२) जोडलेले असेल तर तीन वर्षे असते. न्यायालय विलंब माफही करू शकते, म्हणून कागदपत्रे आणि चित्रणाची प्रत तोवर तरी सांभाळून ठेवावी.