वॉर्डातल्या नको त्या रक्ततपासण्या कमी कशा करायच्या

केसपेपरवर पहिल्या दिवशी ‘सीबीसी, आरएफटी, एलएफटी, इलेक्ट्रोलाइट्स – डेली’ (रक्तपेशींची मोजणी, किडनी, यकृत आणि सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार, रोज) अशी ओळ पडली, की डिस्चार्जपर्यंत ती कुणी खोडत नाही. रात्रपाळीची सिस्टर पहाटे रक्ताचे बल्ब (नमुन्याच्या नळ्या) भरते, सकाळी रिपोर्ट येतात आणि राऊंडला ‘नॉर्मल’ म्हणून पान उलटलं जातं. ठाणे, वाशी, पनवेल भागातल्या पन्नास-शंभर खाटांच्या रुग्णालयात ही सवय मोडायला नवं मशीन लागत नाही. एक फिजिशियन, लॅब इनचार्ज, वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर आणि संगणकावरच्या ऑर्डर सांभाळणारी व्यक्ती एवढी माणसं पुरतात.

आधी एकच मेडिकल वॉर्ड घ्या आणि मोजा. गेल्या महिन्यातल्या सीबीसींची संख्या भागिले त्या वॉर्डचे एकूण रुग्ण-दिवस (रोज दाखल असलेल्या रुग्णांची महिन्याची बेरीज), गुणिले १००. समजा ८०० रुग्ण-दिवसांत १,१२० सीबीसी झाल्या, तर आकडा १४० येतो. म्हणजे रुग्णामागे रोज एकाहून जास्त. क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), इलेक्ट्रोलाइट्स आणि एलएफटीचंही असंच काढा. मग डिस्चार्ज झालेल्या २५-३० जणांचे केसपेपर घेऊन दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर केलेल्या प्रत्येक टेस्टपुढे पेन्सिलीने लिहा: हा रिपोर्ट आल्यावर औषध, सलाइन, प्रोसिजर किंवा डिस्चार्ज यांतलं काही बदललं का? डॉक्टरांची नावं झाकून ठेवा. कुणाचा हिशेब मांडला जातोय असं वाटलं, की लोक आकडे बघायच्याऐवजी स्वतःचा बचाव करत बसतात.

रुग्णाचं नुकसान किती, हेही टीमला आकड्यांत दाखवा. बल्ब त्यांतल्या रसायनाच्या नावाने ओळखले जातात: ईडीटीए २ मिली, जेल बल्ब ४ मिली, सायट्रेट २.७ मिली, फ्लोराइड २ मिली; एका वेळेला सुमारे १०.७ मिली. दिवसातून दोनदा, सात दिवस धरलं तर १५० मिलीच्या आसपास जातं. ३५० मिलीच्या रक्तपिशवीचा हा जवळजवळ अर्धा भाग आहे, आणि तो आजारी, कमी खाणाऱ्या माणसाच्या अंगातून निघतो. दुसरी गोष्ट अशी की नॉर्मल मर्यादा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के तिच्यात बसतील अशी ठरते. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या धडधाकट माणसाच्या केल्या, तरी किमान एक मर्यादेबाहेर यायची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. मग ती तपासायला सोनोग्राफी, पुन्हा रक्त, आणखी एका तज्ज्ञाकडे रेफरन्स असं सुरू होतं.

ऑर्डर लिहायची पद्धत बदला

पुन्हा करायच्या कुठल्याही टेस्टची ऑर्डर ४८ तासांत आपोआप संपली पाहिजे. संगणकात ‘डेली’चा पर्यायच काढून टाका; कागदावर काम असेल तर केसपेपरवर ‘४८ तास – कारण’ असा शिक्का मारा. कारण दोन-तीन शब्दांत पुरतं: ‘फ्युरोसेमाइड चालू, पोटॅशियम’ (लघवी वाढवणाऱ्या या औषधाने पोटॅशियम हलतं). कारण सुचत नसेल तर टेस्ट नको.

फॉर्मवरचे गठ्ठे सोडा. ‘आरएफटी’वर एक टिक केली की युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड सगळं होतं, आणि हवं असतं फक्त क्रिएटिनिन. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, एएलटी (यकृताची टेस्ट) यांना वेगळे चौकोन द्या.

‘उद्या रक्त कशासाठी?’ हा प्रश्न संध्याकाळच्या राऊंडला विचारा. सकाळी विचारून उपयोग नाही, तोवर बल्ब लॅबमध्ये पोहोचलेले असतात. नवीन आरएमओ (निवासी डॉक्टर) रुजू झाले की पहिल्याच पाळीत ही पद्धत समजावून सांगा, कारण प्रत्येक जण आधीच्या जागची सवय घेऊन येतो.

लॅबने सेंट्रिफ्यूज केलेले (यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या केलेले) जेल बल्ब २४ तास फ्रिजमध्ये ठेवावेत. राऊंडनंतर सीआरपी (सूज-संसर्गाची टेस्ट) किंवा क्रिएटिनिन आठवलं तर त्याच सॅम्पलवर होतं, पुन्हा सुई लागत नाही. सेंट्रिफ्यूज न करता पडून राहिलेल्या बल्बमधलं पोटॅशियम मात्र धरू नका, ते खोटं वाढलेलं येतं.

किती दिवसांनी पुन्हा

एचबीए१सी (लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) तीन महिन्यांच्या आत पुन्हा करू नये. लाल पेशींचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं असतं. थायरॉइडचा डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी. आयसीयूतल्या रुग्णाचं टीएसएच ठोस शंका असल्याशिवाय नको, कारण नुसत्या गंभीर आजारानेही ते वर-खाली होतं. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी टेस्ट) होत असेल तर त्याच कामाची सीके-एमबी नको. पॅन्क्रियाटायटिसच्या (स्वादुपिंडाच्या सुजेच्या) निदानाला लायपेज एकदाच पुरतं. सोबत अमायलेज नको आणि रोज मोजणंही नको. लघवीचा त्रास नसताना युरिन कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहणं) नको, अपवाद गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेआधीचे रुग्ण. रक्तस्रावाचा इतिहास, यकृताचा आजार किंवा रक्त पातळ करणारं औषध नसेल, तर छोट्या ऑपरेशनआधी पीटी-आयएनआर (रक्त गोठायच्या वेळेची टेस्ट) कशाला?

पावसाळ्यातला ताप

जून ते ऑक्टोबर सर्वांत जास्त उधळपट्टी इथे होते. दुसऱ्या दिवशीच्या तापाला डेंगूचं एनएस१ (विषाणूचं प्रथिन) करा. आयजीएम (अँटिबॉडी) साधारण पाच दिवसांनंतर भरवशाचं होतं. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवू नका, कारण जुना संसर्ग किंवा लसही ती पॉझिटिव्ह दाखवते. अँटिबायोटिकआधी ब्लड कल्चरचे दोन सेट घ्या, मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. मलेरियाचा स्मिअर (काचेवर रक्त पसरून पाहणं) मात्र एकदा निगेटिव्ह आला म्हणून सोडू नका. संशय असेल तर १२ ते २४ तासांनी पुन्हा करायलाच हवा.

डेंगूत ताप उतरतानाचे दिवस धोक्याचे. तेव्हा सीबीसी वारंवार लागते, आणि प्लेटलेटइतकंच हिमॅटोक्रिटकडे (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाकडे) लक्ष हवं. ताप जाऊन ४८ तास झाले, प्लेटलेट लागोपाठ दोनदा चढले, रुग्ण खातोय, लघवी नीट आहे, की थांबा. काल प्लेटलेट १,४०,००० आणि आज एकदम १८,००० आले, अंगावर एक ठिपका नाही, तर स्लाइडच्या पातळ कडेला प्लेटलेटचे पुंजके दिसतात का ते आधी पाहा. काहींच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये चिकटतात. सायट्रेट बल्बमध्ये मोजून उत्तर १.१ने गुणा.

बिघडलेलं सॅम्पल म्हणजे दुसरी टेस्ट

टूर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) एक मिनिटापेक्षा जास्त नको. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त नको. सिरिंजने बल्बमध्ये जोरात ढकललं किंवा बल्ब जोरात हलवला, की पेशी फुटतात आणि पोटॅशियम वाढतं. बल्ब भरायचा क्रम असा (रंग झाकणाचे): कल्चर, निळा सायट्रेट, लाल किंवा पिवळा, हिरवा, जांभळा ईडीटीए, करडा फ्लोराइड. पोटॅशियम खूप वर आणि कॅल्शियम एकदम खाली आलं, तर ईडीटीए मिसळल्याचा संशय घ्या. निळा बल्ब खुणेपर्यंत भरा. कमी भरला तर पीटी खोटं लांबतं. कलेक्शन सेंटरचं सॅम्पल ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून येत असेल, तर साखरेसाठी फ्लोराइडच हवा. साध्या बल्बमध्ये ती तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटते.

छोट्या नर्सिंग होममधून आलेल्या रुग्णाचे गेल्या २४ तासांतले रिपोर्ट, नाव-तारीख-लॅब स्पष्ट दिसत असेल आणि प्रकृती बदललेली नसेल, तर केसपेपरवर उतरवून घ्या. रक्तगट आणि क्रॉसमॅच (रक्त देण्याआधीची जुळणी) मात्र आपल्या सॅम्पलवर नव्याने.

नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, आज टेस्ट का नाही?” ‘गरज नाही’ एवढंच म्हटलं तर त्यांना दुर्लक्ष वाटतं. “काका, काल क्रिएटिनिन १.० होतं, लघवी चांगली होतेय, नवीन औषध नाही. परवा डिस्चार्जआधी बघू,” असं कारण आणि दिवस सांगा. केसपेपरवरही लिहा: ‘आज टेस्ट नको, रुग्ण स्थिर.’ टेस्ट केली नाही म्हणून कायद्याच्या कचाट्यात सापडू, या भीतीवरचं खरं उत्तर हेच लिहिलेलं कारण आहे.

काही तपासण्या मात्र अजिबात कमी करू नका: छातीत दुखणाऱ्याचं ठरल्या वेळचं दुसरं ट्रोपोनिन, डीकेएमधलं (मधुमेहात रक्त आम्लधर्मी होतं त्या अवस्थेतलं) पोटॅशियम, वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावरचा आयएनआर, ॲमिकासिन किंवा व्हॅन्कोमायसिन ही अँटिबायोटिक चालू असतानाचं क्रिएटिनिन, रक्तस्राव होत असतानाचं हिमोग्लोबिन.

चार आठवड्यांनी तोच आकडा पुन्हा काढा. त्याच्या शेजारी रात्री तातडीने मागवलेल्या टेस्ट, अचानक आयसीयूत हलवलेले रुग्ण आणि ३० दिवसांत परत दाखल झालेले रुग्ण मोजा. टेस्ट घटल्या आणि हे तिन्ही स्थिर राहिले, तर दुसरा वॉर्ड घ्या. यांतलं एखादं वाढलं, तर त्या रुग्णांचे केसपेपर उघडून कुठली टेस्ट चुकीने गाळली ते शोधा आणि तेवढीच परत सुरू करा.