डेंटलच्या एलओआरसाठी सरांकडे जाताना या चुका टाळा

आधी पालकांच्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर देते: बीडीएसला शिफारसपत्र लागतं का? आपल्याकडे बीडीएसच्या प्रवेशाला शिफारसपत्र लागत नाही, तिथे नीटचे मार्क बघतात. एलओआर, म्हणजे हीच शिफारसपत्रं, लागतात ती बीडीएस करून अमेरिकेत डीडीएस किंवा डीएमडीला (तिथल्या डेंटलच्या पदव्या) अर्ज करणाऱ्यांना. कॅपिड (CAAPID) या परदेशात शिकलेल्या डेंटिस्टसाठीच्या सामायिक अर्जाच्या पोर्टलवर चारपर्यंत पत्रं देता येतात, आणि काही कॉलेजांना त्यातलं एक डीनचंच हवं असतं.

मी सोलापुरातूनच हा अर्ज भरला होता, आता ज्युनिअर मुलांचे बघून देते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पत्र स्वतः लिहून नेणं. परवा एका मुलीने मला तीन सरांसाठी लिहिलेले तीन ड्राफ्ट दाखवले. तिन्हींत हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल. पेशंटचं नावनिशाण नाही. मी विचारलं, "प्रॉस्थोच्या (कवळ्या-कृत्रिम दातांच्या विभागाच्या) सरांनी तुला काम करताना कधी बघितलं?" तेव्हा कुठे तिला विड्या वळणाऱ्या एक आजी आठवल्या. कवळीचं माप घ्यायचं होतं, पण ट्रे तोंडात गेला की आजींना उमासा यायचा. दोनदा माप फसलं. तिसऱ्यांदा हिने आजींना पुढे वाकून बसवलं, नाकाने श्वास घ्यायला सांगितलं, एक पाय उचलून धरायला लावला आणि गप्पा मारत माप घेतलं. सर मागे उभे राहून बघत होते. अगं, हेच तर पत्र! हे फक्त तेच सर लिहू शकतात.

म्हणून ड्राफ्टऐवजी सरांना एक पान द्या: कुठल्या वर्षी, कुठल्या पोस्टिंगला त्यांच्या हाताखाली होता, कुठल्या केसेस त्यांनी तपासल्या, कुठल्या शिबिराला सोबत गेला होता. जोडीला सीव्ही आणि शेवटची तारीख. "तूच लिहून आण, मी सही करतो," असं सर म्हणाले तरी हेच पान पुढे करा आणि नम्रपणे सांगा, "सर, शब्द तुमचेच असू द्या." चारही पत्रांची भाषा एकसारखी निघाली की वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

नावाच्या मागे लागू नका. तुम्हाला चेहऱ्यानेही न ओळखणाऱ्या एचओडींच्या चार ओळींपेक्षा रोज केस तपासणाऱ्या लेक्चरर मॅडमचं पानभर पत्र कितीतरी वजनदार असतं.

पोर्टल मार्चमध्ये उघडतं. सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा उठली की जानेवारीअखेर सरांना भेटा. ओपीडीच्या गर्दीत, सरांच्या हातात ग्लोव्हज असताना विचारू नका, जेवणानंतर वेळ घेऊन बसा. इंटर्नशिप संपायच्या आत त्यांचा स्वतःचा नंबर आणि मेल घेऊन ठेवा, कारण शिक्षक कॉलेज बदलतात.

पत्र सर थेट ऑनलाइन पाठवतात. त्यासाठी तुम्ही भरलेल्या मेलवर त्यांना लिंक जाते. माझं एक पत्र तीन आठवडे आलं नाही. सर म्हणायचे, मेलच नाही आला. त्यांनी स्पॅमही बघितलं. शेवटी कळलं, पत्त्यात मी एक अक्षर चुकवलं होतं. ते तीन आठवडे मी नीट झोपले नाही. म्हणून लिंक पाठवली की त्याच दिवशी सरांना फोन करा. आली नसेल तर आधी स्पेलिंग, मग स्पॅम, मग पोर्टलवरून पुन्हा पाठवा. पोर्टलवर मात्र सरांचा संस्थेचा मेल चालू असेल तर तोच द्या.

पत्र वाचायचा हक्क सोडता का, असंही पोर्टल विचारतं. 1974 च्या अमेरिकन कायद्याने तो हक्क दिला आहे. भीतीपोटी बरीच मुलं "नाही" निवडतात. मी सोडायला सांगते, कारण विद्यार्थ्याला दिसणार नाही म्हटलं की पत्रावर जास्त विश्वास बसतो. लिंक गेल्यावर हा निर्णय बदलता येत नाही.

सरांच्या नावाने मेल आयडी काढून पत्र स्वतःच टाकायचा सल्ला कुणी दिला, तर तिथून उठा. ती फसवणूक आहे आणि त्यात सरांचंही नाव खराब होतं.

उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिकडच्या रात्री 11:59 ची मुदत म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची सकाळ. त्या साडेनऊ तासांच्या भरवशावर राहू नका. सरांना दहा दिवस आधीची तारीख सांगा, सोलापुरात मे महिन्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.