राजगड-तोरणा: निघण्याआधी गूगल अर्थवर करायची तयारी

राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने उतरायचं, धार, म्हणजे डोंगराचा अरुंद माथा, धरून चालत राहायचं आणि बुधला माचीवरून तोरण्यात शिरायचं. ही वाट सह्याद्रीत भटकणाऱ्या बहुतेकांच्या मनात कधीची घर करून असते. दोन्ही गड सरळ रेषेत सुमारे 7 किलोमीटरवर आहेत, पण प्रत्यक्षात पूर्ण दिवसाची चाल होते. वाट मळलेली आहे, माहितीही भरपूर मिळते. तरी दरवर्षी कुणीतरी ढोरवाटेला लागून भलत्याच सोंडेवर, म्हणजे धारेपासून बाजूला उतरणाऱ्या फाट्यावर, उतरतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की जो गट घेऊन जाणार आहे त्याने आधी दोन संध्याकाळी संगणकासमोर बसावं आणि ही वाट स्वतःच्या हाताने काढावी. दुसऱ्याचा ट्रॅक (चालताना जीपीएसने नोंदलेली वाट) फोनमध्ये टाकला की वाट फोनला कळते, आपल्याला नाही.

यासाठी संगणकावरचं गूगल अर्थ प्रो घ्या. 2015 पासून ते फुकट आहे. ब्राउझरमधलं गूगल अर्थ झटपट पाहायला छान, आणि तिथे काढलेलं गटातल्या इतरांना दाखवणंही सोपं जातं. पण चढ-उताराचा आलेख, सूर्यप्रकाश, नजरेचा टप्पा या आपल्या कामाच्या गोष्टी प्रोमध्ये हाताशी आहेत. उघडल्या उघडल्या सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी बघा. मापं मीटर-किलोमीटरमध्ये हवीत. लेयरच्या यादीत टेरेनवर टिक हवी, नाहीतर सगळा मुलूख सपाट दिसेल. आणि एलेव्हेशन एक्झॅजरेशन, म्हणजे उंची किती पट फुगवून दाखवायची, हा आकडा 1 वर हवा. तो 3 पर्यंत वाढवता येतो आणि डोंगर फार देखणे दिसतात, पण त्या चित्रावरून उताराचा अंदाज घेणं धोक्याचं आहे.

अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीने दाखवायचे हेही आत्ताच गटात ठरवून टाका. माझी पसंती दशांश अंशांना. 18.30 अंश आणि 18 अंश 30 मिनिटं हे वाचायला सारखं वाटतं, पण त्यात 12 मिनिटांचा, म्हणजे जमिनीवर जवळपास 22 किलोमीटरचा फरक आहे. मदत मागायची वेळ आली आणि फोनवर आकडे सांगताना हा घोळ झाला, तर शोधणारे भलत्याच खोऱ्यात जातील.

आता नुसतं बघायचं, अजून काही काढायचं नाही. शिफ्ट दाबून माउस ओढला की नजर आडवी होते. फोनवर दोन बोटं वर सरकवली की तेच होतं. राजगडाच्या पद्मावती माचीच्या उंचीवर येऊन तोरण्याकडे तोंड करा आणि हळूहळू पुढे सरका. उत्तरेला कानंदीचं खोरं आणि त्यात वेल्हे, दक्षिणेला वेळवंडीचं खोरं आणि भाटघरच्या पाण्याचा फुगवटा, मधोमध आपली धार. मग उलट फिरा आणि तोरण्याकडून राजगड बघा. धारेला फुटलेल्या सोंडा मोजा. चुकण्याच्या जागा त्याच असतात, कारण सोंड सुरू होताना मुख्य धारेइतकीच रुंद आणि सोपी वाटते. जिथे जिथे फाटा फुटतो तिथे एकेक प्लेसमार्क, म्हणजे नकाशावरची खूण, टाका आणि त्याच्या वर्णनात साध्या भाषेत लिहा: 'इथे डावीकडची सोंड भुतोंड्याकडे उतरते, घ्यायची नाही.' हे एक काम नीट झालं तरी निम्मी तयारी झाली म्हणायची.

हे बघताना एक गोष्ट पक्की ध्यानात असू द्या, सगळ्या तयारीचा पाया तीच आहे. पडद्यावरचा डोंगर म्हणजे उंचीच्या आकड्यांची जाळी आणि तिच्यावर पसरलेला उपग्रहाचा फोटो. फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर अवकाशयानाने रडारने जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. अशा त्रिमितीय नकाशांना तो मोठा आधार मिळाला. त्या जाळीचा एक चौकोन साधारण 30 मीटरचा, आणि एका चौकोनाला उंचीचा आकडा एकच. आता 60 मीटरचा सरळसोट कातळकडा घ्या. वरच्या चौकोनाचा आकडा एक, शेजारच्या चौकोनाचा 60 मीटरने कमी. पडद्यावर या दोन्हींमध्ये उतार काढला जातो आणि नव्वद अंशांचा कडा साधारण 63 अंशांचा दिसतो. 10 मीटरचा कातळटप्पा तर उतारात विरघळूनच जातो, आणि दोर लागतो तो नेमका तिथे. राजगडाच्या सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, या जाळीत मावत नाही, कारण एकाच जागी खाली दगड, मध्ये पोकळी आणि वर पुन्हा दगड असं तिला सांगता येत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आत वळलेला आहे, तो वळ याच कारणाने दिसत नाही. कड्यावर फोटो ताणल्यासारखा, रेघारेघांचा दिसला की समजा, वरून काढलेल्या फोटोत त्या उभ्या भिंतीचे दोन-चारच ठिपके आले होते. असा ताणलेला पट्टा दिसेल तिथे पॉलिगॉनने लाल पट्टी काढून ठेवा. उतार कितीही सौम्य दिसो, तिथून वाट काढायची नाही.

सुळक्यांची टोकंही याच कारणाने बोथट होतात. कळसूबाईची उंची 1646 मीटर आहे. तिच्या माथ्यावर कर्सर नेला आणि आकडा काही मीटरनी कमी दिसला, तर तुमच्याकडून काही चुकलेलं नाही.

आता रेघ. यू दाबून नजर सरळ वरून करा, एन दाबून उत्तर वर आणा, मग ॲड पाथ. आडव्या नजरेने रेघ काढायचा मोह होतो, पण धारेच्या किंचित वर क्लिक पडलं तर बिंदू धारेवर न बसता मागच्या उतारावर, कधी कधी पलीकडच्या खोऱ्यात जाऊन पडतो. त्या आडव्या नजरेतून ते लगेच कळतही नाही. माउस ओढत रेघ काढू नका, शेकडो बिंदू पडतात आणि पुढे दुरुस्त करता येत नाहीत. एकेक क्लिक करत जा, वळणावर दाट, सरळ धारेवर विरळ. आल्टिट्यूडच्या रकान्यात क्लॅम्प्ड टू ग्राउंड ठेवा, नाहीतर रेघ डोंगराच्या पोटातून आरपार जाईल किंवा हवेत तरंगेल. पाथची खिडकी उघडी असेपर्यंतच बिंदू पडतात. चुकून ओके झालं तर रेघेवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि पुढे चालू ठेवा.

एका अखंड रेघेत सगळी वाट काढू नका. मी तीन रंग वापरतो आणि गटातल्या प्रत्येकाला वापरायला लावतो. फोटोत पायवाट डोळ्यांनी दिसते तिथे हिरवा. चालून आलेल्या माणसाने सांगितलेला किंवा कुणाच्या ट्रॅकवरून घेतलेला भाग निळा. आणि नुसत्या आकारावरून 'इथून जात असावी' असं वाटलेला भाग लाल. रेघ पूर्ण झाली की ती पडद्यावर इतकी ठाम दिसते, की आठ दिवसांनी आपलाच अंदाज आपल्याला माहिती वाटू लागतो. रंग वेगळे असले की असं होत नाही. लाल तुकड्यांची यादी काढा आणि आधी जाऊन आलेल्याला किंवा गुंजवण्या-वेल्ह्यातल्या वाटाड्याला फोन करून नेमकं त्यांच्याबद्दलच विचारा. 'वाट कशी आहे?' असं विचारलं की 'सोपी आहे' हेच उत्तर येतं. 'खिंडीतून चढायला लागल्यावर वाट धारेवरून जाते की डावीकडच्या पदरातून (उतारावरच्या सपाट टप्प्यातून)?' असं विचारलं की खरी माहिती मिळते.

हिरवा रंग द्यायचा तर पायवाट दिसायला हवी, आणि ती दिसणं ऋतूवर अवलंबून आहे. उपग्रहाचे फोटो ढग नसताना घेतात, त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक हिवाळ्या-उन्हाळ्यातले असतात. वरच्या पट्टीतलं घड्याळाचं चिन्ह दाबलं की जुने फोटो तारखेनिशी उघडतात. उन्हाळ्यातल्या फोटोत वाळलेल्या गवतातून पायवाटेची फिकट रेघ उठून दिसते. पावसाळा संपतानाच्या फोटोत तीच वाट हिरवाईत बुडते, पण ओढे-नाळा कुठे आहेत ते झाडीच्या रेषेवरून समजतं. दोन्ही बघा. जुलैत जाणार असाल तर फोटोतला कोरडा ओढा म्हणजे प्रत्यक्षात वाहता ओढा, हे गृहीतच धरा. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर टाक्या-तळ्यांवर जवळून नजर टाका. वेगवेगळ्या वर्षांच्या उन्हाळी फोटोंत पाणी दिसलं तर आशा ठेवायला जागा आहे, पण ते पिण्याजोगं आहे का हे फोटो सांगत नाही. पाणी गडावरून भरूनच निघा.

रेघेवर उजवं क्लिक करून शो एलेव्हेशन प्रोफाइल घेतलं की खाली आलेख येतो. तीन रंगांचे तुकडे आहेत, म्हणून याच्यासाठी त्यांच्यावरून एक सलग रेघ वेगळी काढून ठेवा. आलेखावर कर्सर फिरवला की वर रेघेवर बाण सरकतो आणि कोणता चढ कुठे आहे ते जागेवर दिसतं. उतार टक्क्यांत असतो, 100 टक्के म्हणजे 45 अंश. एकूण चढाचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. अरुंद धारेवर तुमची रेघ वीस मीटर जरी बाजूला गेली, तरी ती आकड्यांच्या जाळीत वर-खाली होते आणि नसलेले चढ मोजले जातात. मोठे चढ आलेखावरून डोळ्यांनी मोजा आणि त्यांची बेरीज करा.

वेळेसाठी विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा ठोकताळा अजून कामाला येतो: 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. समजा तुमच्या रेघेने 12 किलोमीटर आणि 900 मीटर चढ दाखवला. अंतराचे 2 तास 24 मिनिटं, चढाचा दीड तास, मिळून चार तासांच्या आत. सॅक, ऊन, घसारा, मागे राहणारे आणि फोटोला थांबणारे धरले तर मोठ्या गटासाठी मी हा आकडा सरळ दुप्पट करतो. हा वेळ सूर्याच्या बटणावर तपासून घ्या. तारीख आणि वेळ लावली की कोणत्या तासाला कोणता उतार उन्हात आणि कोणता सावलीत, ते डोंगरावर दिसतं. डिसेंबरात पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. बुधला माचीखालचा चढ त्याच्या दोन तास आधी संपत नसेल, तर राजगडावरून निघायची वेळ अलीकडे आणा.

सुटकेच्या वाटा वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. राजगडाची धार जिथे खाली येते त्या खिंडीतून वेल्हे-भुतोंडे रस्ता जातो. मधल्या टप्प्यात गाडी गाठण्याची खरी जागा तीच, म्हणून तिथला प्लेसमार्क सगळ्यांच्या फोनमध्ये हवाच. खिंडीत किती वाजेपर्यंत पोचलो नाही तर पुढे चढायचं नाही, ती वेळही त्या प्लेसमार्कच्या नावातच लिहून टाका. प्लेसमार्कवर उजवं क्लिक करून शो व्ह्यूशेड केलं तर तिथून नजर कुठवर पोचते तो भाग हिरवा होतो. ज्या जागेवरून वेल्ह्याकडचा मुलूख दिसतो तिथे फोनला रेंज मिळण्याची शक्यता जास्त, एवढाच अर्थ त्यातून घ्या.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा ओपन सीरिज नकाशा पीडीएफमध्ये घेऊन शेजारी ठेवा. त्यात 20-20 मीटरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) आहेत आणि गावा-वाड्यांची नावं गूगलपेक्षा भरवशाची आहेत.

शेवटी सगळं एका फोल्डरमध्ये गोळा करून सेव्ह करा. टेम्पररी प्लेसेसमध्ये राहिलेलं बंद करताना सहज पुसलं जातं. फोल्डर केएमएल (रेघा आणि खुणा साठवणारी फाइल) म्हणून बाहेर काढा आणि फोनवर ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड या रेंजशिवाय चालणाऱ्या नकाशांच्या ॲपमध्ये उघडा. त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या, मग फोन एअरप्लेन मोडमध्ये टाकून रेघ आणि खुणा दिसतात का ते घरीच तपासा. जीपीएसला रेंज लागत नाही, पण नकाशा आधीच फोनमध्ये असावा लागतो. गटात निदान दोन फोनवर हे हवं, आणि कागदावर एक छापील प्रत: वरून पाहिलेली रेघ, तिच्याखाली आलेख, फाट्यांची नावं आणि त्यांचे दशांश अंश.

तीच केएमएल घरी थांबणाऱ्या एका माणसाला पाठवा आणि त्याच्या संगणकावर ती उघडते का ते समोर बसून बघा. खिंडीत पोचण्याची वेळ, वेल्ह्यात उतरण्याची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर हालचाल करायची, हे त्याला लिहून द्या. 112 या आपत्कालीन क्रमांकावर किंवा महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी बोलताना त्याच्यासमोर तुमची रेघ उघडी असली, तर कुठल्या दोन खुणांच्या मध्ये शोधायचं ते तो पहिल्याच वाक्यात सांगू शकेल.