घरच्या पत्त्यांवर सबाक कसं खेळायचं

स्टार वॉर्सवाल्यांना माहितीये की हान सोलोने मिलेनियम फाल्कन हे यान लँडोकडून पत्त्यांच्या डावात जिंकलं. तो डाव म्हणजे सबाक. २०१८ च्या 'सोलो' सिनेमात तो बघायला मिळतो, लँडो अस्तनीत पान लपवून आधी जिंकतो आणि शेवटी हान ते पानच लंपास करून यान नेतो. सबाकचे प्रकार बरेच आहेत, मी सांगतोय तो कोरेलियन स्पाइक, माझ्या मते शिकायला हाच सगळ्यात छान.

यात ६२ पानं लागतात. वेगळा कॅट मागवायची गरज नाही, घरातले दोन साधे कॅट घ्या. पहिल्यातली चारही रंगांची एक्का ते दश्शी ठेवा, दुसऱ्यातली फक्त इस्पिक आणि बदामची, आणि वर दोन जोकर. गुलाम, राणी, राजा बाजूला. काळी पानं अधिक, लाल पानं उणे, जोकर शून्य. म्हणजे इस्पिक सत्ती +७ आणि चौकट तिर्री −३. हातातल्या पानांची बेरीज शून्य करायची, बास, एवढाच खेळ आहे.

चार-पाच जण असले की मजा येते. प्रत्येकाला तीसेक चिंचोके द्या, पैसे नकोच. मध्ये दोन वाट्या ठेवा, एक मेन पॉट आणि एक सबाक पॉट, डाव सुरू होताना प्रत्येकाने दोन्हीत एकेक चिंचोका टाकायचा. मग पिसून दोन-दोन पानं वाटा, एक पान उघडं ठेवा, बाकीची गड्डी उलटी.

आता तीन राउंड. आपली पाळी आली की गड्डीतून एक पान उचला (हवं तर आधी हातातलं एक टाकून), किंवा उघड्या पानाशी हातातलं एक बदला, किंवा काहीच करू नका. सगळ्यांचं झालं की चाल लावायची, तीन पत्तीसारखंच, पुढच्याने तेवढी भरायची, वाढवायची नाहीतर पॅक व्हायचं. आणि मग लुडोचे दोन फासे टाकायचे. दोन्हीवर सारखा आकडा पडला की सगळ्यांनी हातातली सगळी पानं टाकायची आणि तेवढीच नवी घ्यायची. सहातून एकदा असं होतं, तीन राउंड धरले तर शंभरातल्या साधारण ४२ डावांत एकदा तरी होतंच.

तिसऱ्या राउंडचे फासे पडले की शो. शून्यवाला जिंकतो आणि दोन्ही वाट्या त्याच्या. शून्यातही दोन जोकर सगळ्यात भारी, त्याखालोखाल एक जोकर, दोन काळ्या दश्श्या आणि दोन लाल दश्श्या. कुणाचंच शून्य नसेल तर जवळचा जिंकतो, +२ हा −२ ला मारतो, पण सबाक पॉट पुढच्या डावाला तसाच राहतो. बाकी सगळे पॅक झाले तर उरलेल्याला फक्त मेन पॉट, असं आम्ही ठेवलंय आणि याच्यामुळेच ब्लफला खरी धार येते.

बघा ना, पहिल्याच राउंडला शून्य आलं तर माणूस कात्रीत सापडतो. मोठी चाल लावली तर सगळे पळतात आणि सबाक पॉट हुकतो, गप्प बसलं तर फासे हात घेऊन जातात. उलट ज्याच्याकडे +१६ आहे त्याला फासे हवेच असतात, त्याचं जाणार काय! म्हणून रद्दी हात असेल तर पानाला हात न लावता पहिल्याच राउंडला मोठी चाल लावा, घाबरलेल्या शून्यवाल्यासारखी, लोक विश्वास ठेवतात. दुसऱ्याच्या हातात पानं किती आहेत ते सतत बघत राहा, पाच पानं धरलेला बहुतेक अजून शून्य शोधतच असतो.

मागच्या दिवाळीत आतेभावाला वाटतानाच इस्पिक नव्वी आणि बदाम नव्वी आली. त्याने शांतपणे दोनच चिंचोके टाकले, वाटी भरायची होती त्याला. माझ्याकडे किल्वर दश्शी आणि किल्वर छक्की, मी दोन भरून थांबलो. फासे पडले, चौका-चौका. त्याने दोन्ही नव्व्या सतरंजीवर उलगडून ठेवल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडेच बघत बसला.