मराठी वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून

आधी पानाच्या कोडमधला एचटीएमएल टॅग उघडा आणि लँगची, म्हणजे भाषेची, व्हॅल्यू 'एमआर' (मराठी) करा. टेम्प्लेटमधलं 'ईएन' (इंग्रजी) तसंच राहिलं, तर स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लावू शकतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेतांक देणाऱ्या प्रमाणित पद्धतीत. जुन्या शिवाजी फॉन्टमधलं मराठी दिसायला ठीक असतं, पण आत रोमन अक्षरं असतात. त्यामुळे ऐकू येते ती निव्वळ बडबड, आणि गूगलवर शोधलं तरी पान सापडत नाही.

सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षरांच्या आकाराच्या १.६ पटीच्या आसपास. फार कमी केली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रा-वेलांट्यांत घुसतात. मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ हवा. फिकट करडी अक्षरं डिझायनरला आवडतात, भर उन्हात मोबाइल बघणाऱ्याला नाही.

फॉन्ट वॉफ२ या वेबसाठीच्या आटोपशीर स्वरूपात द्या, फॉन्ट-डिस्प्ले 'स्वॅप' ठेवा, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसतो. फॉन्टच्या फाइलचा आकार कमी करण्यासाठी सबसेट करताना, म्हणजे नको ती अक्षरं काढताना, जोडाक्षरांचे नियम गळाले, तर 'क्ष' फुटून 'क्‌ष' दिसतो. तेवढं नक्की तपासा.

मग माउस बाजूला ठेवून कीबोर्डवरच्या नुसत्या टॅब कीने पुढे जात संपर्काचा फॉर्म भरून बघा. कोणीतरी सीएसएसमध्ये 'आउटलाइन: नन' लिहून निवडलेल्या रकान्याभोवतीची चौकट घालवलेली असेल, तर आपण कोणत्या रकान्यात आहोत तेच कळत नाही.