टाइमलॅप्समधली लुकलुक घालवा

उत्सवाच्या गर्दीचा टाइमलॅप्स (ठराविक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ) हमखास लुकलुकतो, कारण कॅमेरा दर फोटोला उजेड नव्याने मोजतो.

१. मॅन्युअल मोडवर, म्हणजे सगळं हाताने ठरवायच्या मोडवर, शटर (उजेड किती वेळ आत येतो), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडतं), आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) ठरवून टाका. फोकसही एकदा लावून मॅन्युअल करा. हे शेवटचं सगळे विसरतात.

२. दर ५ सेकंदांनी एक फोटो, म्हणजे तासाभरात ७२०. सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. मिरवणुकीला मात्र २ सेकंदांचंच अंतर बरं, नाहीतर माणसं टुणटुण उड्या मारत पुढे सरकल्यासारखी दिसतात.

३. ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला बॅग टांगा. लाकडी मचाणावर मात्र उभा करू नका, कोणी नुसतं चाललं तरी फ्रेम हलते.

संध्याकाळी हीच सेटिंग काळोख दाखवेल. दिवे लागले की नवा शॉट सुरू करा.